वाराच्या दिवशी सोडलेली जाळी

नाव: जयाबाई भरमा बोकमूरकर. वय: ५१ वर्षे. धंदा: शेती व घरकाम. शिक्षण: सातवी. राहणार: बेळगुंदी, ता. जि. बेळगाव.

मी ठाण्यात स्वतः हजर होऊन, कोणी शिकवल्याशिवाय जबाब देते की, वरील पत्त्यावर मी नवरा भरमा यांच्यासह राहते. आमचा एकुलता मुलगा आदर्श, वय २६, मंगळूर येथे सेंट्रिंगच्या टोळीत कामाला होता. टोळीचा मेस्त्री नागेंद्र आमच्याच गावचा, टोळीतली मुलंही गावचीच. गेल्या महिन्यात एका मंगळवारी आदर्श तिथल्या नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून पडून मयत झाला. मंगळूरच्या पोलिसांनी मागवल्यावरून हा जबाब इथे लिहून घेतला जात आहे.

आमच्या गावात यात्रेआधीचे मंगळवार पाळतात. त्याला आम्ही वार म्हणतो. वाराच्या दिवशी कोणी शेतात जात नाही, हत्यार हातात घेत नाही. माणूस बाहेरगावी असला तरी पाळतो. नागेंद्रची टोळी त्या दिवशी कामावर न जाता राहायच्या शेडवरच होती. आमच्या घराला यात्रेत मान आहे. त्यामुळे आमच्याकडे वार जरा जास्तच कडक.

त्या दिवशी सकाळी मी दारात तांदूळ निवडत होते. आदर्शचा व्हिडिओ कॉल आला. तो पिवळी टोपी घालून इमारतीच्या अगदी वर उभा होता. “आई, समुद्र बघायचा म्हणत हुतीस न्हवं? हे बघ,” म्हणाला. त्याने फोन फिरवून सगळं शहर दाखवलं. खाली नारळीत दडलेली कौलारू घरं आणि त्यातून वर आलेल्या उंच इमारती. “ती पांढरी आपल्याकडच्या मच्छे गावच्या पोरांनी केली. तिच्या शेजारची, गोल गच्चीची, आमची. बंदराकडची निळ्या काचंची पण आमचीच, पण अजून कोण ऱ्हायला आलं न्हाय.” शेत दाखवावं तसं एकेक दाखवत होता. समुद्र मी तेवढाच पाहिला आहे.

मी त्याला विचारलं, “आज वार हाय, आणि तू वर कसा रं?” तो म्हणाला, “सुपरवायझरनं बोलिवलंय. जाहिरातीचं फोटो काढणार हाईत. कडंची हिरवी जाळी फोटोत वंगाळ दिसत्या, ती सोड म्हणालाय. टोळीतलं कोण येईना, मग मी आलो. आप्पाला सांगू नको.” मला राग आला. घरच्या मानाची तरी लाज बाळग, असं मी बोलले. तो नुसता हसला. तेवढ्यात मागून एक माणूस कन्नडमध्ये बोलला की, फोन ठेव, फोटोवाले खाली आलेत, जाळी लवकर सोड. मला कन्नड कळतं. त्या माणसाचा चेहरा दिसला नाही, आवाज ऐकवला तर ओळखीन. आदर्शने फोन ठेवला. थोड्या वेळाने नागेंद्रचा फोन आला.

मला मंगळूरला नेलं नाही. आदर्शला गावी आणलं त्या दिवशी कंपनीचा एक माणूस बरोबर आला होता. अंगणात गावची माणसं बसली होती. त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं, त्या मंगळवारी तुमच्या लोकांची सुट्टी होती ना? नवरा म्हणाला, “वार हुता. बेळगुंदीचा माणूस वाराला कामाला हात लावत न्हाय. माझा पोरगा तर न्हायच न्हाय.” त्या माणसाने ते लिहून घेतलं व सही घेतली. नवऱ्याने मान राखण्यासाठी सही केली. मी आत बायकांत होते. मला सगळं ऐकू येत होतं, पण फोनचं मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. आप्पाला, म्हणजे त्याच्या बापाला, सांगू नको, असं तो म्हणाला होता.

आता कंपनीचं म्हणणं असं की, आदर्श सुट्टीवर होता आणि फोनवर गप्पा मारायला, मजा बघायला वर गेला. हे खोटं आहे. माझा मुलगा उंडगायला गेला नव्हता. जी जाळी माणूस पडू नये म्हणून बांधतात तीच सोडायला त्याला वर पाठवलं होतं. त्याने एवढ्या इमारती उभ्या केल्या आणि त्याच्या नावावर आता निष्काळजीपणा लिहिणार, हे मला सहन होत नाही.

मी हे सांगितलं तर आदर्शने वार मोडला हे गावात उघड होईल आणि आमचा यात्रेतला मान जाईल, असं टोळीतल्या मुलांनी मला बजावलं आहे. पडला तो वार मोडल्यामुळेच, असंही म्हणतील. म्हणू देत. नवऱ्याला मी काल रात्री सगळं सांगितलं. आज ते मला मोटारसायकलवरून इथे घेऊन आले आणि बाहेरच्या बाकावर बसून आहेत.

लिहिलेलं हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवलं. वार मोडल्याचं वाक्य गरजेचं नाही, हवं तर गाळतो, असं ते म्हणाले. ते गाळू नये असं मी सांगितल्यावरून पुन्हा लिहिलं आहे: आदर्श भरमा बोकमूरकर हा त्या दिवशी वार मोडून कामावर गेला होता. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही: जयाबाई भरमा बोकमूरकर

वरील जबाब मला आत बोलावून वाचून दाखवला. मी आधी कंपनीला लिहून दिलेलं चुकीचं आहे. बायको सांगते ते खरं आहे.

सही: भरमा बोकमूरकर, आदर्शचा बाप