आठाचं बटन

माझं म्हायार जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाच्या शिवंवरचं, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आमची मेंढरं हुती. बा माझा मेंढरं मोजत नसायचा, तोंडं वळखायचा, सांजच्याला मेंढरांच्या वाडग्यापाशी उभा ऱ्हायचा आन म्हनायचा, ती कानतुटकी कुठं हाय गं. तसल्या घरातनं मी लगीन होऊन लोणंदला आले, घड्याळं आन रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. दुकान म्हंजे काय, घराचीच म्होरची खोली, चूल आन टेबल ह्यात एक पडदा, त्यामुळं भाकरी थापता थापता मला सगळं दिसायचं.

मालक माझे लय कमी बोलनारे. पर वस्तू उघडली की बोलत्यात, आन मलाच सांगत्यात, दुसरं ऐकनारं कोन हाय. तर आमच्याकडं सुभेदार आबा यायचे, मिल्ट्रीतनं पेन्शनीत आलेले. त्येंनी एक जुनं कॅल्क्युलेटर आनलं, खिशात मावंल असलं, पर जाडजूड, साबनाच्या वडीगत. त्येंचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला हुता, त्यानं कवातरी परदेसातनं आनलेलं, आन भाऊ पुढं वारला. आबा म्हनले, आताची कॅल्क्युलेटरं मिळत्यात गल्लोगल्ली, पर त्येंचे आकडे काळे, मला दिसत न्हाईत, ह्याचे लाल पेटत्यात, आन हे भावाचं हाय, एवढं चालू करून द्या.

मालकांनी ते उघडलं तवा मला हाक मारली, ये बघायला. आत सेल गळून तारंला हिरवा कीट चढलेला, तेवढाच बिघाड. त्येंनी पॉलिश पेपरनं घासलं, नवा सेल घातला, आन काय सांगू तुमाला, लाल आकडे पेटले, बारीक बारीक, आन प्रत्येक आकड्यावर काचंचा एक एक थेंब बसवलेला. मालक म्हनले, आकडा खरा तिळाएवढाच हाय, ह्यो थेंब त्याला मोठा करून दावतो. मग मधला काळा तुकडा दावला, गोमंगत पाय असलेला, म्हनले, हिशेब सगळा ह्याच्या पोटात. आन बटनाखाली पितळंची पातळ चकती, टिकलीएवढी, मधी फुगलेली, दाबलं की टक करून बसती आन सोडलं की परत फुगती. मी लय येळ ते टक टक करत बसले. मला ते जित्तं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आन तितंच घात झाला. दुसऱ्या दिशी खंडेनवमी. आमच्यात हत्यारांची पूजा मी करते, घरातल्या बाईनंच करायची. चिमटा, पक्कड, इस्क्रू डायव्हर पुसून पाटावर मांडले, आन ते कॅल्क्युलेटर टेबलावरच हुतं, मला वाटलं ह्याला कसं वगळायचं, एवढं हुशार हाय ते. ठेवलं मधोमध. वली हळद लावली, वलं कुंकू लावलं, मंतर मला येत न्हाईत म्हनून पानी जरा जास्तच शिंपडलं. मालक बाजारातनं आले, बघितलं, म्हनले, अगं ते गिऱ्हाइकाचं हाय, आन उचलायला हात घातला. मी त्येंचा हात धरला. मांडलेली पूजा हलवायची न्हाई, म्हनलं, उद्या दसऱ्याला उचलायची. त्येंनी हात मागं घेतला. तवाच उचलू दिलं असतं तर पुसून निघालं असतं की हो.

दसऱ्याला आबा आले, धुतलेली टोपी, हातात आपट्याची पानं. मालकांनी कॅल्क्युलेटर पुसून त्येंच्या हातात दिलं. आबांनी चालू केलं तर आठ. आकडा पुसायचं बटन दाबलं तरी आठ. दुसरं बटन कुठलं बी दाबा, आठच, कुनी बटन दाबून धरल्यागत. मी च्याची कपबशी घिऊन पडद्यापाशी आले हुते. मालक बोलले, माझ्या हातनं पानी सांडलं, आबा, चूक माझी हाय. आवं, त्या मानसानं उभ्या जन्मात टेबलावर पानी ठेवलं न्हाई. मी तितंच उभी, आन खरं सांगायचं सोडून आबांच्या म्होरं च्या ठेवला. आबांनी मला सोनं म्हनून आपट्याचं पान दिलं, म्हनले, सोन्यासारखी ऱ्हा, तवा जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

मालकांनी परत खोललं. आठाखाली हळद वाळून खपली झालेली. इस्पिरिटनं धुतली, टोकरली, बाकीची बटनं जिती झाली पर आठाची चकती मोडली, आन तसली कुठं मिळंना, मालक सांगलीला जाऊन आले तरी न्हाई. आबा म्हनले, असू द्या, आठ लागला तर सात आन एक करीन, कॅल्क्युलेटरच हाय की ते.

पुढं एकदा मालक नव्हते तवा मी सगळं सांगून टाकलं. आबा हसले. म्हनले, बाई, नऊच्या कडंला कुंकू दिसत हुतं, मी एवढा आंधळा झालो न्हाई अजून. म्हंजे दोघांनी मिळून माझी चूक झाकली, आन उघडी पडले ती माझ्यापाशीच.

आता खंडेनवमी आली की मालक गिऱ्हाइकांच्या वस्तू आधीच उचलून वरच्या फळीवर ठेवत्यात. बोलत न्हाईत. बोलले असते तर मी बी चार शब्द बोलले असते. मी खाली मान घालून पाट मांडते आन कोरडीच हळद लावते. आबा आजून येत्यात, मुद्दाम मला ते लाल आकडे दावत्यात, आठ करून दावत्यात. देवानं त्येंना लय आयुष्य द्यावं, डोळे चांगले ठेवावं. फकस्त माझ्या म्होरं सात आन एक म्हनू नये, एवढंच मागनं हाय.