बारा माणसं

बायको : आयफोन? अहो, चार वर्षं अँड्रॉइड, अँड्रॉइड करत होतात, आणि आता तुमचा तो मोबाइलवरचा खेळ बनवून पुरा होत आल्यावर आयफोन?

लिफ्टवाला : विचार करून ठरवलंय.

बायको : त्याला त्यांचाच कॉम्प्युटर लागतो, असं तुम्हीच सांगितलं होतंत मला. वर दरवर्षी वर्गणी.

लिफ्टवाला : फंडातून काढीन. रिटायर झालोय, मेलो नाही.

बायको : आणि खेळासाठी कॉम्प्युटरवर लिहिलेलं सगळं?

लिफ्टवाला : पुन्हा लिहायचं. इकडचं सोडून द्यायचं. दोन्हीकडचं माझ्या एकट्याच्यानं नाही होत.

बायको : खरं कारण सांगा. लिफ्ट बंद पडली की आधी तार बघायची, मग मोटर, असं दुनियेला शिकवत आलात. मग इथं बिघाड कुठं आहे ते सांगा ना.

लिफ्टवाला : ...बारा माणसं लागतात.

बायको : कशाला?

लिफ्टवाला : अँड्रॉइडवर नवख्यानं खेळ चढवायचा तर आधी बारा जणांनी तो आपापल्या फोनवर घ्यायचा. चौदा दिवस ठेवायचा. मगच सगळ्यांसाठी खुला करायला अर्ज करता येतो. आयफोनकडे ही भानगड नाही.

बायको : एवढंच ना! थांबा, कॅलेंडरचं मागचं पान फाडते. हं, सांगा. भाऊजींचं लिहू?

लिफ्टवाला : त्याचं नाव काढू नकोस. आईच्या आजारपणात दोनदा तोंड दाखवून गेला.

बायको : नऊ वर्षं झाली त्याला. बरं, वर्कशॉपमधले?

लिफ्टवाला : त्यांचं आणि माझं जमलं कधी?

बायको : जमेल कसं? निरोपाच्या दिवशी मागच्या दारानं निघून आलात. त्यांनी आणलेला केक तसाच राहिला. मला फोन करून विचारत होते, साहेब रागावलेत का. वरचे काका?

लिफ्टवाला : ते बोलत नाहीत.

बायको : त्यांच्या नातवाला लिफ्टमधून हाताला धरून बाहेर काढलंत, सगळी बटणं दाबतो म्हणून. पाच वर्षांचं पोर ते! लेकीचं लिहिते. पण ती चौदा दिवस ठेवेल याची खात्री नाही. तिचा फोन आला की तुम्ही आधी पाच मिनिटं तिला सुनावता.

लिफ्टवाला : किती झाले?

बायको : दीड. लेक एक, आणि भाऊजी अर्धे.

लिफ्टवाला : थट्टा पुरे.

बायको : माझ्या शिवणक्लासच्या बायकांना विचारू? एका दुपारी बारा होतील.

लिफ्टवाला : नको. बाईंचे मिस्टर म्हणून करतील त्या. खेळासाठी नाही.

बायको : मग चित्रं काढून देणारा तो पेंटर राहिला.

लिफ्टवाला : तो विषय संपलाय.

बायको : तुमच्यापुरता. मी सकाळी फोन केला होता त्याला.

लिफ्टवाला : कुणाला विचारून?

बायको : बारा कशाला, तीस आणतो म्हणाला. त्याच्या दुकानावर दिवसभर माणसांचा राबता असतो.

लिफ्टवाला : आणि बदल्यात?

बायको : काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, खेळाच्या पहिल्या पडद्यावर, बनवणाऱ्यांची म्हणून, आता किती नावं आहेत?

लिफ्टवाला : तू काय सांगितलंस?

बायको : काय सांगणार? मी पाहिलाय कुठं तुमचा खेळ! पुरा झाला की पहिली तू, म्हणून चार वर्षं लटकवलंय मला. किती नावं आहेत?

लिफ्टवाला : एक.

बायको : अजून एकच?

लिफ्टवाला : डोकं माझं आहे सगळं. कुठली लिफ्ट कधी थांबणार, किती वजन घेणार, हे त्यानं केलं का? चित्रं काय, कुणीही काढतं.

बायको : मग तुम्ही का नाही काढलीत? तुम्ही काढलेल्या पहिल्या माणसाला मान नव्हती. बोर्ड रंगवून दमून यायचा तो, आणि इथं जमिनीवर बसून तुमची माणसं काढायचा. चाळीस तोंडं काढली त्यानं. एकही दुसऱ्यासारखं नाही. आणि तुम्ही त्याला खेळ दाखवायला बोलावलंत तेव्हा वर नाव फक्त तुमचं, हे तुम्हीच सांगितलंत मला. चहा पिऊन गेला बिचारा, शब्द बोलला नाही.

लिफ्टवाला : बोलायचं होतं मग.

बायको : नाव घालायला किती वेळ लागतो?

लिफ्टवाला : दोन मिनिटं.

बायको : मग?

लिफ्टवाला : आता घातलं तर बारा माणसांसाठी घातलं असं होईल.

बायको : होऊ दे की. तो काय हिशेब मांडून बसलाय?

लिफ्टवाला : मी बसलोय.

(ती पानाची घडी घालते.)

लिफ्टवाला : तुलासुद्धा काढलंय त्यानं.

बायको : मला?

लिफ्टवाला : चौथ्या मजल्यावर. हातात पिशवी, मान जरा तिरकी. हुबेहूब आहेस.

बायको : इश्श! मग मी चढते का लिफ्टमध्ये?

लिफ्टवाला : ते खेळणाऱ्यावर आहे. बहुतेक वेळा राहतेस.

बायको : का?

लिफ्टवाला : चौथ्यापर्यंत येता येता लिफ्ट भरते.

बायको : ...घाला ना हो त्याचं नाव.

लिफ्टवाला : आयफोनच करणार मी. उद्या कॉम्प्युटर बघायला जातो.

बायको : म्हणजे माझ्या फोनवर नाही येणार.

लिफ्टवाला : दुकानातल्या एखाद्या फोनवर दाखवीन तुला.

बायको : नको. मी चौथ्या मजल्यावर बरी आहे.