रिकामा पत्रा

रूपराव : ते काच काऊन उचलून राह्यली? राहू दे न फोटोजवळ. उद्या तुया मायचं वर्षश्राद्ध. आष्टीहून मामा येतीन, त्याइले मी फोनवर सांगून ठेवलं का, पोरीनं नागपूरच्या लॅबमधी मायच्या केसाचा पापुद्रा बनवला, काचेवर हाय, दिसत नाई पन हाय.

मोहिनी : म्हणूनच उचलली, बाबा. तो आईचा आहे का, मले नक्की माहीत नाई.

रूपराव : तूच तं सांगतलं. केसं तांब्याच्या पातळ पत्र्यावर ठेवले, भट्टीच्या नळीत हवा नाई, म्हून त्याची राख नाई झाली. केसातला कार्बन वाफेसारखा पत्र्याखाली गेला न् तिथं जमला. एका अणूएवढा जाड. मंग तांबं विरघळवून तो काचेवर उतरवला. लोकाइले सांगू सांगू पाठ झालं मले.

मोहिनी : ते बरोबरच आहे. पण परवा तसाच एक पत्रा रिकामा तापवला. वर काहीच ठेवलं नाई. त्याच्याखाली बी पापुद्रा आला.

रूपराव : रिकाम्याले कुठून आला?

मोहिनी : नळी जुनी आहे. माझ्याआधी लॅबमधल्या धीरजनं तिच्यात साखर तापवली, प्लास्टिक तापवलं. आत थोडं चिकटून राहते. तांब्यात बी थोडा कार्बन असते.

रूपराव : म्हंजे मी रोज प्लास्टिकले उदबत्ती लावून राह्यलो?

मोहिनी : असू शकते. आईचा बी असू शकते. मिसळलेला बी. पापुद्रा चांगला आहे, कुठं भोक नाई, सर खूश झाले. पण कशापासून आला, ते त्याच्याकडे पाहून सांगता येत नाई.

रूपराव : नसतं सांगतलं तं? मामाले काय समजते त्यातलं.

मोहिनी : मले समजते न.



रूपराव : मंग आता कसं समजन?

मोहिनी : नवी नळी घ्यायची. आधी रिकामा पत्रा तापवायचा. त्याच्याखाली काहीच नाई आलं, तरच केसं ठेवायचे. पण जाऊ द्या. केसं उरले कुठं?

रूपराव : फणीत अडकलेले हायेत पाच-सहा. पुडीत बांधून ठेवले. मोठा गुंता तं केसावर भांडे देनारी बाई घेऊन गेली. तुयी माय देत जाये तसाच देऊन टाकला मी, न् चहाची गाळणी घेतली. बाई गल्लीच्या पार गेली, तवा ध्यानात आलं.

मोहिनी : ते पाच-सहा आईचेच आहेत. एवढंच एक नक्की आहे, बाबा. ते नको.

रूपराव : पुरतीन का तेवढे?

मोहिनी : पुरतील. पण चुकलं तर काहीच उरणार नाई.

रूपराव : चुकलं तं चुकलं म्हून सांगजो. आता सांगतलं तसं.

मोहिनी : मी ते केसं मागून नाई राह्यली.

रूपराव : माहीत हाय मले. उद्या पुडी ठेवतो फोटोजवळ. परवा नेजो.