पापादोपुलोस काका आणि सिनेमाच्या शेवटची नावं

तुम्ही हसता यार, पण सिनेमा संपल्यावर नावं वाचत बसायची सवय मला अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या ग्रीक शेजाऱ्यांनी लावली. एकटेच राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. आडनाव पापादोपुलोस.

पहिल्याच भेटीत म्हणाले, "पापादोपुलोस म्हणजे पुरोहिताचा मुलगा. तुझं आडनाव?"

म्हटलं, "उपाध्ये. आम्हीही पुरोहितच."

"मग आपण भाऊबंद!"

त्यांच्या आडनावाचे मंत्री, डॉक्टर, फुटबॉलपटू, सगळे त्यांना पाठ. नातं एकाशीही नाही.

वर्षातून दोन-तीनदा मला थिएटरला न्यायचे. सिनेमा तेच निवडायचे, आणि तो सुरू झाला की पेंगायचे. शेवटी नावं यायला लागली की मात्र ताठ बसायचे. मी कुठे कुलकर्णी, देशपांडे दिसतोय का ते बघायचो. साउंडवाल्यांची यादी वर सरकली की काका टोपी घालून म्हणायचे, "चल." मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

मार्चमध्ये काका गेले. फ्युनरलला पन्नाशीचा एक माणूस मागे एकटाच उभा होता. म्हणाला, "मी त्यांचा मुलगा. पापस."

मी विचारलं, "पापस?"

"लांबलचक नाव इथे कोणाला म्हणता येईना, म्हणून मी ते तोडलं. बाबा वीस वर्षं माझ्याशी बोलले नाहीत."

"काय करता तुम्ही?"

"सिनेमांचं साउंड. त्यांनी माझा एकही सिनेमा पाहिला नसेल."

मी म्हटलं, "सिनेमा नाहीच पाहिला. तुमचं नाव मात्र दर वेळी पाहिलं."