देवरीच्या सरांनी वाटलेले गठ्ठे

तुम्ही हसता, पण देवरीच्या सरांचं नाव निघालं की माझं डोकं अजूनही तापतं.

आम्ही सहा जण, सर त्यातलेच एक, लाकडावर चित्र कोरून ते कागदावर छापायचो. दरवर्षी प्रत्येकाने आपल्या चित्राच्या सहा प्रती काढायच्या आणि एकाकडे द्यायच्या. त्याने प्रत्येकाची एकेक प्रत घालून सहा गठ्ठे करायचे, ते वाटायचे. त्या वर्षी हे काम सरांकडे होतं.

मी कागदासाठी महिनाभर फिरलो. शेवटी हातकागद मिळाला, इतका पातळ की मागून बोट फिरवलं तर रेघ न् रेघ लागायची. शाई लावलेल्या लाकडावर ओला कागद ठेवून, वरून चमच्याची पाठ घासून सहा प्रती काढल्या. फाटल्या त्या वेगळ्या.

सडक अर्जुनीच्या ढाब्यावर सरांनी गठ्ठे वाटले. उघडून पाहतो तर सगळी चित्रं प्लास्टिकमध्ये बंद, ओळखपत्रासारखी.

"सर, हे काय करून ठेवलं?"

"लॅमिनेशन. सगळ्यायचंच केलं, गोंदियाले जाऊन. आता चहा सांडला तरी काही होत नाही."

"कोणाले इचारून केलं?"

"तू कायले तापून राहिला? मेहनतीचं काम हाय, खराब नाही झालं पाहिजे."

ते गरम मशीनमधून निघालेलं, सोलताही येत नव्हतं. मी माझं चित्र उलटं करून बोट फिरवलं. बोट नुसतं घसरलं.

सरांनी ते पाहिलं आणि समजूत काढल्यासारखे म्हणाले, "तुहा कागद लयच पतला होता ना, म्हणून तुह्यावाल्याले दोनदा केलं."