दीड डॉक्टर

(कुंदापूरजवळच्या एका रुग्णालयातला अपघात विभाग. भर दुपार. फोन स्पीकरवर, पलीकडे अक्का.)

अक्का : घाबरू नको आधी. दात कुठाय?

अच्युत : कोरड्या कापसात गुंडाळून ठेवलाय.

अक्का : अरे गाढवा, वाळला की मेला तो! वरचा भाग धर, मुळाला बोट लावू नको. सलाइन ओत त्यावर. घासू नको.

सुगंधी : डॉक्टर, ह्या कोण?

अच्युत : माझी थोरली बहीण. दातांची डॉक्टर.

अक्का : अर्धी डॉक्टर. हा मित्रांना सांगायचा, आमच्या घरात दीड डॉक्टर आहेत म्हणून.

अच्युत : अक्का, आत्ता नको ना.

अक्का : बरं. बाई, कधी पडला?

सुगंधी : आत्ताच हो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तोंड दांड्यावर. कंडक्टर आहे मी. पुढचाच दात! उद्यापासून शिट्टी कशी मारू?

अक्का : बसेल दात. अच्युत, हिरडी बधिर केलीस?

अच्युत : केली. पण मी कधी बसवला नाही गं. शिकताना दातांची पंधरा दिवसांची ड्यूटी होती, आम्ही सगळे सिनेमाला जायचो.

सुगंधी : अयो देवा!

अक्का : घाबरू नका, मी आहे. शेजारच्या दाताकडे बघ, तसाच सरळ धर. आता दाब. सावकाश.

अच्युत : ...गेला. अक्का, बसला!

अक्का : बोटानं धरून ठेव. मास्कच्या नाकावरची तारेची पट्टी काप आणि जखम चिकटवायच्या गोंदानं शेजारच्या दातांना जोड.

अच्युत : झालं. दोन आठवड्यांनी काढायची ना? तुझ्या दवाखान्यात पाठवतो.

अक्का : दवाखाना बंद केला रे मी.

अच्युत : कधी?

अक्का : झालं वर्ष. हात थरथरतात.

अच्युत : मला बोलली नाहीस.

अक्का : तू फोन केला नाहीस.

सुगंधी : डॉक्टर, बोला की. मी थांबते.

अच्युत : ...घरी कोण असतं तुझ्याबरोबर?

अक्का : कोण असणार? दवाखान्यातली पेशंटची खुर्ची आहे, ती पुसते रोज.

अच्युत : रविवारी येतो मी. नक्की.

अक्का : नक्की म्हणू नको. बसमध्ये बसलास की फोन कर. मागच्या वेळी तुझं पान वाढून संध्याकाळपर्यंत बसले होते.