बत्तीस चिठ्ठ्यांची जागा

प्रोग्रामर : अकरा वेळा, बाई. सहा आठवड्यांत मशीन अकरा वेळा बंद पडलं आणि अकराही वेळा ड्यूटी तुमची. याला योगायोग म्हणायचं का?

बाई : नका म्हणू. मीही म्हणत नाही. पण तुम्ही कोण ते आधी सांगा. इन्चार्ज मॅडम नुसतं म्हणाल्या, "कंपनीचा माणूस येतोय, सहकार्य करा." सहकार्य म्हटलं की मी आधी समोरचा माणूस नीट बघून घेते.

प्रोग्रामर : या मशीनचा प्रोग्राम मी लिहिलाय. रक्ताच्या नळ्यांचे नंबर वाचायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि त्या क्रमाने रिपोर्ट छापायचे.

बाई : आणि या लॅबमध्ये रक्त मी तपासते. झाली ओळख. आता वहीत काय लिहिताय ते दाखवा.

प्रोग्रामर : माझ्या नोंदी आहेत.

बाई : माझ्याविषयीच्या ना? मग माझ्याच झाल्या.

प्रोग्रामर : बाई, सरळ विचारतो. मशीन चालू असताना मधेच बटण दाबता का? लवकर सुटायला मिळावं म्हणून?

बाई : मशीन थांबलं की साठच्या साठ नळ्या हाताने तपासाव्या लागतात. त्या अकरा दिवसांत मी एकदाही वेळेवर घरी गेले नाही. लवकर सुटायची ही कुठली तऱ्हा? आणि असं गोड हसून विचारू नका. माझी जाऊ अस्संच हसून विचारते, "पर्स नवी वाटतं?"

प्रोग्रामर : मागची वायर हलवता? तिथे फोन चार्जिंगला लावता?

बाई : फोन माझ्या लॉकरमध्ये असतो. तुम्ही तुमचा प्रोग्राम तपासलात का?

प्रोग्रामर : सहा वर्षं चालतोय तो. कुठे तक्रार नाही.

बाई : तपासलात का, हे विचारलं मी.

प्रोग्रामर : असेंब्लीत आहे. आतली चिप जुनी, मेमरी एवढीशी, म्हणून तिच्याच भाषेत एकेक पाऊल सांगावं लागतं. हा आकडा उचल, त्याच्याशी ताडून बघ, इथे ठेव. असं सहज चाळून कळणारं प्रकरण नाही ते.

बाई : तुमच्या कंपनीत अजून कोणाला कळतं?

प्रोग्रामर : आता कोणालाच नाही. मला एकट्याला.

बाई : वा! म्हणजे पेपर लिहिणारे तुम्ही, तपासणारेही तुम्ही. नापास मात्र मी.

प्रोग्रामर : मशीन थांबण्याचं सोडा. तुमच्यावर नळ्यांची अदलाबदल केल्याचा मेमोही आहे.

बाई : आहे ना. त्याचीच गोष्ट ऐका. नऊ वर्षांच्या पोरीचा रिपोर्ट आला, साखर चारशे दहा. पोर समोर टुणटुण उड्या मारतेय. मला खटकलं. हाताने तपासली, ब्याण्णव निघाली. मग ते चारशे दहा कोणाचं? शोधत बसले. एका ट्रक ड्रायव्हरचं निघालं. त्याला "सगळं ठीक आहे" सांगून घरी पाठवलं होतं. फोन करून परत बोलावला. हे मी स्वतःहून मॅडमना सांगितलं आणि बक्षीस म्हणून मेमो मिळाला. एकोणीस वर्षांत पहिला. दुसरा आला की कायमची घरी.

प्रोग्रामर : माझ्यासमोर चालवून दाखवा. रोज जसं करता तस्सं.

बाई : बघा. हात माझे, डोळे तुमचे.

प्रोग्रामर : थांबा. या नळ्या पुढे-मागे का करताय?

बाई : नंबरवार लावतेय.

प्रोग्रामर : ते काम मशीनचं आहे.

बाई : असेल. माझा कशावर पटकन विश्वास बसत नाही.

प्रोग्रामर : बाकीचे लोकही लावतात?

बाई : छे! ते येतील तशा खोचतात. हं, भरला रॅक. दाबते बटण. तुमच्यासमोर, एकदाच.

(मशीन घरघरतं, एक लांब शिट्टी देतं आणि गप्प होतं.)

बाई : बारावी वेळ. लिहा वहीत. माझे हात कुठे होते तेही लिहा.

प्रोग्रामर : टेबलावर होते. पाहिले मी.

बाई : मग आता मला सांगा, तुमचा प्रोग्राम नंबर लावतो कसे? माझ्या भाषेत सांगा.

प्रोग्रामर : पहिला नंबर उचलतो. त्याच्याहून लहान ते एका बाजूला, मोठे ते दुसऱ्या बाजूला. झाले दोन ढीग. मग प्रत्येक ढिगासाठी स्वतःलाच पुन्हा बोलावतो. तिथेही तेच, पहिला उचल, दोन ढीग कर. ढीग लहान लहान होत एकेका नंबरावर येतात. दरवेळी आत जाताना, परत कुठे यायचंय आणि कुठला ढीग राहिलाय, याची एक चिठ्ठी ठेवतो. परत आला की चिठ्ठी काढून टाकतो.

बाई : आणि मी आधीच क्रमाने लावलेत. पहिला म्हणजे सगळ्यांत लहान. मग लहानांच्या ढिगात काय येणार?

प्रोग्रामर : काहीच नाही.

बाई : आणि मोठ्यांच्या?

प्रोग्रामर : उरलेले... उरलेले एकोणसाठ.

बाई : मग पुन्हा पहिला उचलायचा.

प्रोग्रामर : अठ्ठावन्न. सत्तावन्न. बाई, जरा थांबा.

बाई : मी कुठे काय करतेय? चेहरा तुमचा उतरलाय. पाणी देऊ?

प्रोग्रामर : याच नळ्या जरा विस्कटून घाला. कशाही.

बाई : घाला म्हणता तर घालते. घ्या. दाबलं बटण.

प्रोग्रामर : चाललं.

बाई : चाललं. चिठ्ठ्यांना जागा किती ठेवलीय तुम्ही?

प्रोग्रामर : बत्तीस. तेव्हा रॅक चोवीस नळ्यांचा होता, नळ्या कशाही घातल्या तरी पुरायची. सहा आठवड्यांपूर्वी तुमच्याकडे पहिल्यांदाच साठचा आला. ऑफिस म्हणालं, फक्त आकडा बदला. मी चोवीसचे साठ केले आणि पाठवून दिला. चिठ्ठ्यांची जागा बघितलीच नाही.

बाई : आणि तेहतिसावी चिठ्ठी कुठे पडते?

प्रोग्रामर : शेजारी. नळ्यांच्या नंबरांच्या यादीवर. चिठ्ठीवरही आकडेच असतात, ढीग कुठून कुठपर्यंत त्याचे. ते नळीचे नंबर म्हणून छापले जातात. तुमची ती मुलगी आणि तो ड्रायव्हर... अदलाबदल तुम्ही नाही केलीत. मी केली.

बाई : दुरुस्तीला किती वेळ लागेल?

प्रोग्रामर : पाच-सहा ओळी. लहान ढिगासाठीच आत जायचं, मोठा ढीग जागेवरच फिरून संपवायचा. मग सहा चिठ्ठ्यांवर जातच नाही. दुपारपर्यंत होईल.

बाई : आणि कोणाला कळणारही नाही. नाही का? तुमच्याशिवाय ते वाचतंय कोण? तुम्ही पाच ओळी बदलणार, मशीन सुरळीत चालणार आणि मॅडम म्हणणार, बघा, ओरडा बसल्यावर बाई सुधारल्या.

प्रोग्रामर : ...हो. तसं होऊ शकतं.

बाई : मनात आलं ना तुमच्या?

प्रोग्रामर : आलं. खोटं कशाला बोलू? मी मॅडमना बोलावतो आणि सांगतो.

बाई : आधी लिहा. त्याच वहीत, माझ्यासमोर. खाली सही करा. मग मी बोलावते.

प्रोग्रामर : विश्वास नाही?

बाई : सकाळपासून तुमचा माझ्यावर होता?

प्रोग्रामर : लिहितो. "दोष प्रोग्रामचा आहे, कर्मचाऱ्याचा नाही." ही सही, ही तारीख. आता एक विचारू?

बाई : विचारा.

प्रोग्रामर : रॅक पूर्ण भरला की चिठ्ठ्या त्या यादीच्याही पलीकडे सांडतात आणि मशीन थांबतं, ते अकरा दिवस दिसले. पण चाळीस-पंचेचाळीसच नळ्या असतील तर ते थांबणार नाही. नंबर तेवढे चुकतील, आणि रिपोर्ट छापून बाहेर जातील. मला ते सगळे दिवस हवेत. कोणकोणत्या दिवशी नळ्या क्रमाने लावल्या होत्या तुम्ही?

बाई : रोज.

प्रोग्रामर : रोज?

बाई : बसा. मी रजिस्टर काढते. फोन आपण दोघं मिळून करू.